मनाचा अभ्यास : बोधनिक विज्ञानातील शिक्षण, संशोधन आणि संधी



संस्थेच्या रविवारच्या अभ्यासवर्गात दर वर्षी जून महिन्यात आम्ही मुलांना एक प्रश्न विचारतो, "पुढे काय व्हायचे ठरवले आहे?" उत्तरे ठरलेली असतात. डॉक्टर, इंजिनिअर, बँकेतला अधिकारी, स्पर्धा परीक्षा. ही सर्व क्षेत्रे चांगलीच आहेत. परंतु एवढ्या वर्षांत "मला मनावर संशोधन करायचे आहे," असे म्हणणारी मुले आम्हाला फार तर चार-पाच भेटली. त्यांपैकी एका मुलीच्या आईने वर्ग संपल्यावर आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "सर, मानसशास्त्र म्हणजे वेड्यांच्या डॉक्टरचे काम ना? मुलीच्या जातीला ते झेपेल का? आणि त्यात पोट भरेल का?"

त्या माऊलीच्या प्रश्नात चूक काहीच नव्हते. ही माहिती आपल्या वस्तीपर्यंत कधी पोचलीच नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिला त्या दिवशी जे थोडक्यात सांगितले तेच या लेखात जरा विस्ताराने मांडत आहोत. लेख दोनदा वाचावा, आणि मधल्या छोट्या प्रयोगांपैकी एक तरी घरी करून पाहावा, ही विनंती.

१. हे शास्त्र आहे तरी काय?

मानसशास्त्र म्हणजे माणसाच्या वर्तनाचा आणि मानसिक प्रक्रियांचा शास्त्रशुद्ध अभ्यास. जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून हे शास्त्र तत्त्वज्ञानापासून वेगळे होऊन स्वतःच्या पायांवर उभे राहिले असे मानतात. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठात नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या नेतृत्वाखाली १९१६ च्या सुमारास प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. म्हणजे भारतातही या विषयाला शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे.

मनोविकारांवर उपचार करणे ही या शास्त्राची एक शाखा झाली. तिला चिकित्सा मानसशास्त्र म्हणतात. दुसरी मोठी शाखा निरोगी माणसाचे मन काम कसे करते हे शोधते. आपण पाहतो कसे, लक्ष कसे देतो, आठवणीत ठेवतो कसे, विसरतो का, लहान मूल भाषा शिकते कसे, निर्णय घेताना आपण कुठे फसतो, असे तिचे प्रश्न असतात. या प्रश्नांची उत्तरे एकट्या मानसशास्त्राला देता येत नाहीत. मेंदूविज्ञान, भाषाशास्त्र, संगणकशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानवशास्त्र यांची मदत घ्यावी लागते. या सर्वांच्या संगमातून जे शास्त्र उभे राहिले ते बोधनिक विज्ञान. सगळीकडे त्याला कॉग्निटिव्ह सायन्स म्हणतात, म्हणून तो शब्दही लक्षात ठेवावा. प्रवेशाच्या जाहिरातीत तोच दिसेल.

या शास्त्राची जन्मतारीख पुष्कळ जण ११ सप्टेंबर १९५६ अशी सांगतात. त्या दिवशी अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेतील परिसंवादात ॲलन न्यूएल व हर्बर्ट सायमन यांनी तर्काची प्रमेये सोडवणाऱ्या संगणक-कार्यक्रमाविषयी सांगितले, नोम चॉम्स्की यांनी भाषेच्या रचनेविषयी, आणि जॉर्ज मिलर यांनी माणसाच्या अल्पकालीन स्मृतीच्या मर्यादेविषयी मांडणी केली. संगणक, भाषा आणि स्मृती हे तीन विषय एका छताखाली आले. पुढे १९७९ साली कॉग्निटिव्ह सायन्स सोसायटी स्थापन झाली, आणि तिची वार्षिक परिषद आजही दरवर्षी वेगवेगळ्या देशांत भरते. या सोसायटीचे रुमेलहार्ट पारितोषिक २००१ साली सर्वप्रथम जेफ्री हिंटन यांना मिळाले. त्याच हिंटन यांना २०२४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. आज कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो बोलबाला आहे, त्याचे एक मूळ मनाच्या अभ्यासात आहे, ते असे.

२. घरी करून पाहण्याचे दोन प्रयोग

*पहिला प्रयोग : अंक किती लक्षात राहतात?* भावंडांपैकी एकाला समोर बसवा. एका सेकंदाला एक याप्रमाणे चार अंक वाचा व त्याला त्याच क्रमाने म्हणायला सांगा. मग पाच, सहा, सात असे वाढवत जा. बहुतेक मोठी माणसे सातच्या आसपास अडखळू लागतात. मिलर यांनी १९५६ च्या प्रसिद्ध निबंधात सात, अधिक-उणे दोन, ही मर्यादा सांगितली ती हीच. आता तोच प्रयोग इंग्रजी अंकांनी करा. फरक पडतो का? एलिस व हेनेली या संशोधकांनी १९८० मध्ये दाखवले की, वेल्श भाषेतील अंकांची नावे उच्चारायला जास्त वेळ लागतो, म्हणून त्या भाषेत अंक थोडे कमी लक्षात राहतात. म्हणजे ज्याला आपण "बुद्धी कमी-जास्त" म्हणतो, त्यात भाषेच्या उच्चाराचाही वाटा असू शकतो. बुद्धिमापन चाचण्यांचे गुण वाचताना ही गोष्ट विसरू नये.

*दुसरा प्रयोग : वाचणे की आठवणे?* अभ्यास करताना तोच धडा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी आपल्याकडे फार. रोडिगर व कार्पिके यांनी २००६ साली याची परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. नंतर काही उताऱ्यांच्या बाबतीत त्यांनी तो पुन्हा वाचला, तर काहींच्या बाबतीत उतारा मिटून जे आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणे थोडे सरस ठरले. ८१ टक्के आठवले, तर दुसऱ्या पद्धतीने ७५ टक्के. पण एका आठवड्याने चित्र पालटले. पुन्हा वाचलेले ४२ टक्केच उरले होते, आणि आठवून लिहिलेले ५६ टक्के. मित्रांनो, एका खोलीत दहा माणसे राहतात आणि दिवे मालवल्यावर वाचता येत नाही, अशी तक्रार तुम्ही करता ती खरीच आहे. पण दिवे मालवल्यावर अंथरुणात पडल्या पडल्या दिवसाचा धडा मनात आठवणे हा वाचण्यापेक्षा टिकाऊ अभ्यास आहे, आणि त्याला वीज लागत नाही. आमच्या वर्गात आता प्रत्येक तासाची शेवटची दहा मिनिटे वही मिटूनच जातात.

३. या संशोधनात आपण का असावे?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. संशोधन परदेशात होते, त्याचे निष्कर्ष पुस्तकांत छापून येतात, आपण ते पाठ करतो. यात आपले काय अडले?

मानसशास्त्राच्या एका मोठ्या दुखण्यावर २०१० साली हेनरिक, हाइने व नोरेनझायन या तीन संशोधकांनी बोट ठेवले. आधीच्या एका पाहणीचा आधार घेऊन त्यांनी दाखवले की, नामांकित नियतकालिकांतील प्रयोगांत सहभागी झालेल्या माणसांपैकी ९६ टक्के माणसे पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील होती. या देशांत जगाची लोकसंख्या राहते अवघी १२ टक्के. म्हणजे "माणसाचे मन असे असते" असे पुस्तकात लिहिलेले असते, तेव्हा पुष्कळदा "अमेरिकेतील कॉलेजच्या विद्यार्थ्याचे मन असे असते" एवढेच आपल्याला ठाऊक असते. धारावीतल्या, नांदेडच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाचे मन त्या हिशेबात धरलेलेच नाही.

याच्या जोडीला एक भारतीय उदाहरण पाहा. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञ संशोधिकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांवर एक प्रयोग केला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. ३२१ मुले उच्च मानलेल्या जातींची आणि ३२१ मुले खालच्या मानलेल्या जातींची होती. त्यांना कागदावरील चक्रव्यूह सोडवायला दिले, आणि सोडवलेल्या चक्रव्यूहामागे पैसे ठेवले. ज्या गटांत कुणाचीही जात जाहीर केली नव्हती, तेथे दोन्हीकडच्या मुलांच्या कामगिरीत फरक आढळला नाही. ज्या गटांत सुरुवातीलाच सर्वांसमक्ष प्रत्येकाची जात वाचून दाखवली, तेथे मोठी दरी पडली.

मुले सारखी, कागद सारखा, वेळ सारखा. फक्त एक गोष्ट मोठ्याने वाचली गेली. वर्गात हजेरी घेताना, शिष्यवृत्तीचे अर्ज वाटताना, "कोट्यातले कोण?" असे विचारताना आपल्या मुलांच्या बाबतीत हेच घडत आले आहे. आपल्याला ते अनुभवाने माहीत होते. परंतु अनुभव सांगितला की समोरचा म्हणतो, "तुम्ही मनाला फार लावून घेता." प्रयोग केला, आकडे मांडले, की त्याला उत्तर द्यावे लागते. संशोधनाचे बळ हे आहे. आणि म्हणूनच प्रश्न विचारणाऱ्यांच्या रांगेत आपली मुले-मुली हवीत. ज्याला काटा रुतला आहे, त्याला कुठे शोधायचे ते जास्त कळते.

मात्र एक पथ्य पाळावे. आपल्याला आवडलेला निष्कर्षसुद्धा पुन्हा तपासावा लागतो. २०१५ साली अनेक संशोधकांनी एकत्र येऊन मानसशास्त्रातील १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष होते. पुन्हा केल्यावर ते ३६ टक्क्यांतच आले. या धक्क्यानंतर शास्त्राने आपल्या पद्धती सुधारल्या. प्रयोगाआधीच योजना नोंदवून ठेवणे, माहिती सर्वांना खुली करणे, मोठा नमुना घेणे, या गोष्टी आता आग्रहाने केल्या जातात. नव्या विद्यार्थ्याने पहिल्या दिवसापासून हेच वळण लावून घ्यावे.

४. आपल्याच भाषेत पडलेले विषय

विषय शोधायला लांब जावे लागत नाही. दोन उदाहरणे देतो.

पहिले अंकांचे. मराठीत आपण लिहितो २५, म्हणजे आधी दोन, मग पाच. म्हणतो मात्र पंचवीस, म्हणजे आधी पाच, मग वीस. एकोणतीस म्हणताना तर तिसाचे नाव घेऊन एक वजा करतो. पहिली-दुसरीतील मूल २५ च्या जागी ५२ लिहिते, ते ढ असते म्हणून नव्हे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जुन्या वाचनाच्या जोडीला "वीस पाच" अशा पद्धतीचे वाचन आले, आणि महाराष्ट्रभर मोठा वाद झाला. विधिमंडळापासून चहाच्या टपरीपर्यंत सर्वांनी मते दिली. आमच्या मते हा मत देण्याइतकाच मोजण्याचाही प्रश्न होता. सारख्या पातळीच्या दोन वर्गांना दोन पद्धतींनी शिकवावे, तीन महिन्यांनी व वर्षाने चाचणी घ्यावी, चुका कोणत्या प्रकारच्या होतात ते नोंदवावे. हा एम.ए.चा विद्यार्थीही करू शकेल असा अभ्यास आहे.

दुसरे लिपीचे. "कि" लिहिताना ऱ्हस्व वेलांटी डावीकडे, म्हणजे क च्या आधी येते, उच्चार मात्र नंतर होतो. ज्योत्स्ना वैद व आशुम गुप्ता यांनी २००२ साली देवनागरीतून हिंदी वाचणाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात, असे शब्द वाचताना मनाला जादा श्रम पडतात असे दिसून आले. मराठी मुलांच्या बाबतीत काय होते? जोडाक्षरांचे काय? घरी वऱ्हाडी, गोंडी किंवा हिंदी बोलणारे मूल शाळेतील प्रमाण मराठी वाचताना कुठे अडते? या प्रश्नांवर काम करायला वर्षे पुरणार नाहीत, इतके ते मोठे आहेत.

ध्यानाविषयीही सभासद नेहमी विचारतात, म्हणून दोन शब्द. बौद्ध परंपरेतील सजगतेच्या साधनेवर आज प्रयोगशाळांतून संशोधन होते. १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात तिचा उपयोग ताण कमी करण्यासाठी सुरू केला. १९८७ साली धरमशाला येथे दलाई लामा व शास्त्रज्ञ यांच्यातील संवादांची माला सुरू झाली. हा विषय आपल्या जवळचा आहे, म्हणूनच त्याची परीक्षा अधिक कडक हवी. तुलनेसाठी दुसरा गट ठेवल्याशिवाय "ध्यानाने एकाग्रता वाढली" असे विधान करू नये.

५. शिक्षण कुठे घ्यावे?

बारावीनंतर मानसशास्त्र घेऊन बी.ए. किंवा जेथे सोय असेल तेथे बी.एस्सी. करता येते. मुंबई व सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासह राज्यातील अनेक विद्यापीठांत एम.ए.ची सोय आहे. पण एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. बोधनिक विज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात मानसशास्त्राचीच पदवी हवी असे सर्वत्र नाही. आय.आय.टी. गांधीनगर येथील दोन वर्षांच्या एम.एस्सी. अभ्यासक्रमात निरनिराळ्या शाखांचे पदवीधर येतात. संगणक, भाषा, गणित, जीवशास्त्र, तत्त्वज्ञान यांपैकी काहीही शिकलेल्या विद्यार्थ्याने ही वाट तपासून पाहावी.

देशातील इतर प्रमुख केंद्रे अशी : अलाहाबाद विद्यापीठाचे वर्तन व बोधनिक विज्ञान केंद्र (स्थापना २००२), आय.आय.टी. कानपूरचा बोधनिक विज्ञान विभाग, हैदराबाद विद्यापीठाचे न्यूरल अँड कॉग्निटिव्ह सायन्सेस केंद्र, हैदराबादच्याच ट्रिपल आय.टी.मधील बोधनिक विज्ञान प्रयोगशाळा, बंगळूरुची निम्हान्स व भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदूविज्ञान केंद्र, आणि हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र. आपल्या मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हे केंद्र. मुले विज्ञान व गणित शिकतात कशी यावर तेथे पीएच.डी.पर्यंतचे संशोधन होते. चेंबूर-गोवंडीच्या मुलांना ते बसच्या अंतरावर आहे, आणि आमच्या वर्गातील निम्म्या मुलांनी त्याचे नावही ऐकले नव्हते.

ज्यांना रुग्णांवर उपचारच करायचे आहेत त्यांची वाट वेगळी. नुसत्या एम.ए.वर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून व्यवसाय करता येत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम व तेथील नोंदणी लागते. २०२२ च्या नियमांनी एम.फिल. पदवी बंद झाली. चिकित्सा मानसशास्त्रापुरती तिला २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुदत देण्यात आली होती. म्हणून प्रवेशापूर्वी, अभ्यासक्रमाला परिषदेची चालू मान्यता आहे का, हे लेखी पाहून घ्यावे. फी भरल्यानंतर विचारण्यात अर्थ नाही.

६. पैशाचे काय?

त्या माऊलीचा दुसरा प्रश्न पोटाचा होता. संशोधन करताना विद्यार्थ्याला दरमहा पैसे मिळतात, ही गोष्ट घरच्यांना आधी पटवून द्यावी. यू.जी.सी.-नेट परीक्षेत मानसशास्त्र हा विषय आहे. तीत कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,००० रुपये, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडे. 'गेट' परीक्षेतही २०२१ पासून मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे हा पेपर आला असून त्यात मानसशास्त्राचा विभाग आहे. २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी पूर्ण करणाऱ्यास एम.ए.शिवाय थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो. अनुसूचित जाती-जमाती व इतर पात्र घटकांना त्यात ५ टक्के सवलत आहे.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, आणि राज्यात पुण्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेची, म्हणजे बार्टीची, पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती आहे. परदेशी शिक्षणासाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती व राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. जागा, उत्पन्नाची मर्यादा व अटी बदलत असतात. उदाहरणार्थ, २०२२ साली केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीच्या नियमावलीत भारतीय संस्कृती, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळल्याची अट आली. सामाजिक मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती आडवी येऊ शकते. म्हणून मागच्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर न जाता चालू वर्षाची नियमावली स्वतः वाचावी.

अमेरिकेतील चांगल्या विद्यापीठांत मानसशास्त्राच्या पीएच.डी.ला बहुधा फी माफ असते व निर्वाहवेतन मिळते. एम.ए.ला सहसा तसे नसते. नेदरलँड्स, जर्मनी यांसारख्या देशांत पीएच.डी. ही पुष्कळदा पगारी नोकरीच असते. नेदरलँड्समधील नायमेखेन येथे १९८० पासून भाषा व मन यांचा अभ्यास करणारी माक्स प्लांक संस्था आहे. ही नावे टिपून ठेवावीत.

७. परिषदा, शाळा आणि भोंदू आमंत्रणे

संशोधकांची ओळख परिषदांत होते. बोधनिक विज्ञानाची भारतातील वार्षिक परिषद ए.सी.सी.एस. या आद्याक्षरांनी ओळखली जाते. १९८९ साली स्थापन झालेल्या नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायकॉलॉजी या संस्थेचेही वार्षिक अधिवेशन असते. होमी भाभा केंद्राची एपिस्टीम ही परिषदांची माला २००४ साली गोव्यात सुरू झाली. विद्यार्थ्यांनी प्रथम श्रोता म्हणून जावे, नंतर भित्तिपत्रक मांडावे. भित्तिपत्रकासमोर उभे राहिले की नामवंत माणूसही थांबतो व विचारतो, आणि तुम्हाला त्याला विचारता येते. इंग्रजी मोडकी असली तरी थांबू नये. तेथे लोक प्रश्न ऐकायला आलेले असतात.

विज्ञान व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी देशातील तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्ती आहे. दोन महिने नामांकित प्रयोगशाळेत काम करता येते. अर्ज आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात करावा लागतो. एन.पी.टी.ई.एल.वर आय.आय.टी.च्या अध्यापकांचे मानसशास्त्राचे अभ्यासक्रम विनाशुल्क ऐकता येतात. फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडते. २०२० मध्ये सुरू झालेली न्यूरोमॅच अकादमी ही संगणकाधारित मेंदूविज्ञानाची दूरस्थ उन्हाळी शाळा असून तिची फी विद्यार्थ्याचा देश पाहून कमी केली जाते.

याबरोबर सावधगिरीचा इशारा. "आंतरराष्ट्रीय परिषद, निबंध हमखास प्रसिद्ध, शुल्क अमुक हजार" अशी आमंत्रणे आता भ्रमणध्वनीवर येतात. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पुष्कळ आहेत. २०१९ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यादी होती, तीही २०२५ मध्ये बंद झाली. आता पारख आपली आपणच करायची. त्या नियतकालिकातील चार निबंध वाचावेत, संपादक खरोखर त्या विद्यापीठात आहेत का पाहावे, आणि मार्गदर्शकांना विचारल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.

८. एक वर्ष कसे गेले

शेवटी आमचा एक कटू अनुभव. आमच्या अभ्यासवर्गातील एक मुलगी मानसशास्त्रात एम.ए. झाली, पहिल्या वर्गात. पीएच.डी.ला प्रवेशही मिळाला. विषय होता वस्तीतील मुलांचे अवधान. अधिछात्रवृत्तीची जाहिरात तिला पंधरा दिवस उशिरा कळली. धावपळ करून अर्ज भरायला बसलो, तर जात वैधता प्रमाणपत्र हातात नव्हते. एका कार्यालयात ते अडकून पडले होते. आम्ही चार जण तीन खेपा घालून आलो. "साहेब रजेवर आहेत," एवढेच उत्तर मिळाले. मुदत संपल्यावर नवव्या दिवशी प्रमाणपत्र मिळाले.

ती वर्षभर शिकवणीच्या वर्गात अर्ध्या पगारावर राबली. घरी लग्नाची बोलणी सुरू झाली. तिच्या वडिलांना आम्ही तीन वेळा जाऊन भेटलो. पुढच्या वर्षी तिने अर्ज केला, तिला अधिछात्रवृत्ती मिळाली, आज ती तिसऱ्या वर्षाला आहे. पण ते वर्ष गेले ते गेलेच. आणि जिच्या घरी तीनदा जाणारे कोणी नसते, तिचे सगळे शिक्षणच जाते.

दोष कार्यालयाचा होताच. पण आमचाही होता. प्रमाणपत्र बी.ए.च्या पहिल्या वर्षीच काढून घ्यायला आम्ही सांगायला हवे होते. तेव्हापासून संस्थेत आम्ही एक नियम केला आहे. अकरावीत आलेल्या प्रत्येक मुला-मुलीची एक फाईल असते. तीत जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, केंद्राच्या योजनांसाठी केंद्रीय नमुन्यातील दाखला (१९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या यादीत समावेश झाला, त्या अनुषंगाने दाखल्यावरील मजकूर नीट आहे ना ते पाहावे), उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, सर्व गुणपत्रिका आणि पारपत्र. दर जूनला फाईल उघडायची व काय कमी आहे ते लिहायचे. आणि वाचनालयाच्या फळ्यावर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या महिन्यातील जाहिरातींच्या तारखा लिहायच्या. फळ्याचे काम सध्या दोन मुली पाहतात. सभासदांनी जाहिरात दिसली की त्यांना कळवावी.

अभ्यासासाठी प्रश्न

१. अंकस्मृतीचा प्रयोग घरातील पाच जणांवर करा. मराठी व इंग्रजी अंकांत फरक आढळला का? पाच माणसांवरून निष्कर्ष का काढू नये?

२. हॉफ व पांडे यांच्या प्रयोगात जात जाहीर न केलेला गट नसता, तर कोणता चुकीचा निष्कर्ष निघाला असता?

३. आपल्या शाळेतील किंवा घरातील असा एक प्रश्न लिहा, ज्यावर सर्वजण मते देतात पण कोणी मोजलेले नाही. तो मोजायचा कसा?

४. तुमच्या फाईलमध्ये आज कोणता कागद नाही?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे वाचनालयातील पेटीत टाकावीत. त्यांतील दोन-तीन प्रश्न निवडून पुढील वर्षभर आपल्या अभ्यासवर्गातच, पालकांची व मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन, तज्ज्ञ अध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली आपण छोटे अभ्यास करू. त्या माऊलीची मुलगी यंदा बारावीला आहे. तिने पेटीत सर्वांत आधी चिठ्ठी टाकली आहे. तिचा प्रश्न असा, "वर्गात शेवटच्या बाकावर बसवले तर मूल कमी शिकते का?" उत्तर आम्हाला माहीत नाही. ते शोधायला आम्ही तिच्याबरोबर बसणार आहोत.